उजवा खिसा

मिरचीच्या कुंडीपाशी उकिडवा बसलो आणि उजव्या मांडीला काहीतरी टोचलं. खिशात हात घातला तर स्प्लिट पिन निघाली. नवी कोरी, दोन्ही पाय एकमेकांना चिकटलेले, एकदाही न वाकलेले. डोकं आधीच फिरलेलं होतं, कारण झारी जागेवर नव्हती. बरीच शोधाशोध केल्यावर ती कपडे धुण्याच्या मशीनमागे, भिंतीच्या फटीत सापडली. वस्तू जिथल्या तिथे ठेवत नाहीत ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे, तक्रारदार मी. त्यात कुंडीत बघतो तर मातीचा नुसता चिखल, मिरचीची खालची पानं पिवळी. म्हणजे बायकोनं पुन्हा पाणी घातलं होतं. एका घरात दोन माळी असले की झाडं बुडून मरतात, असं मी तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. हल्ली ती असल्या बोलण्याला उत्तर देत नाही. आणि मग ही पिन निघाली. झारी, चिखल, बायको, सगळं एकदम लांब गेलं.

ज्यांनी आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही त्यांना या तारेच्या तुकड्याचं काय! छताचा पंखा दोन बोल्टांवर लटकतो. एक वर हुकापाशी, एक खाली, दांडी मोटरला मिळते तिथे. बोल्टला नट असतो, पण पंखा अख्खा उन्हाळा थरथरत असतो आणि नट ही जातच पळपुटी. म्हणून बोल्टच्या टोकाला भोक असतं. त्यात ही पिन घालायची, तिचे पाय फाकवून वाकवायचे, की नट सैल झाला तरी निसटत नाही. पिन नसली तर पंखा लगेच पडत नाही, हीच त्यातली मेख. तो फिरतो, छान वारा देतो, आणि नट एकेक आटा सरकत राहतो. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आमच्या फोरमननं एक नियम आमच्या डोक्यात ठोकून बसवला होता: काढलेला जुना भाग डाव्या खिशात, बसवायचा नवा भाग उजव्या खिशात, आणि उजवा खिसा रिकामा झाल्याशिवाय खाली उतरायचं नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा मी उजव्या खिशात रुमाल ठेवला नव्हता, हे बायको अजून सगळ्यांना हसत सांगते. मी डाव्या खिशात हात घातला. गंजलेल्या दोन पिना निघाल्या, एकीचा पाय मोडलेला. हिशेब पहिलीतल्या पोराला जमेल असा होता. दोन जुन्या काढल्या, दोन नव्या नेल्या होत्या, त्यातली एक माझ्या हातात. म्हणजे काल मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाईंच्या पलंगावरचा पंखा एकाच पिनेवर सोडून आलो होतो, आणि त्या रोज जेवण झालं की त्याच पंख्याखाली झोपतात.

आमची निवृत्त लोकांची एक मंडळी आहे, वाचनालयाच्या तळघरात आमचं बस्तान. उन्हाळा लागला की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं आणि पंखे, नळ, खिडक्यांच्या कड्या असलं बारीकसारीक काम फुकट करून द्यायचं. नियम एकच, दोघांनी जायचं. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं शेवटी हात लावून बघायचं. हा नियम मला पहिल्या दिवसापासून झोंबला होता. माझ्या कामाला हात लावून बघणार कोण, तर चित्रकलेचे मास्तर! त्यांना खिळा कुठल्या टोकानं आत जातो हे दाखवावं लागतं. काल तेच माझ्याबरोबर होते. पण त्यांची दाढ ठणकायला लागली, स्वयंपाकघरातला नळ झाला तसे ते निघून गेले, आणि मी मनातून खूश झालो. पंखा मी एकट्यानं केला. आता मला आठवायचं होतं ते एवढंच, की पिन घातली की नाही. मी बाल्कनीच्या कठड्याला टेकून डोळे मिटले. स्टुलाचा एक पाय हिरव्या रंगानं रंगवलेला होता, तो आठवला. वर छतापाशी कोंडलेली गरम हवा आठवली, पात्यांवरची मऊ काळी धूळ, खालून ऑपरेटरबाईंचं अखंड बोलणं, रात्रपाळीत लोक एकमेकांशी काय काय बोलायचे आणि आपण कसं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जुनी पिन काढताना तिचा पाय मोडला तो आवाजही आठवला. मग पक्कड हातात आहे, पिनेचा एक पाय वर वळतोय, दुसरा तोडून खाली दाबतोय, हेही स्वच्छ दिसलं. पण ते बोटांत इतक्या वर्षांपासून आहे की ते कालचं आहे की तीस वर्षांपूर्वीचं, कुणी शपथेवर विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. त्यानंतर होतं ते थेट रस्त्यावरचं ऊन. मधला भाग नव्हताच.

ऑपरेटरबाईंना फोन लावला. लागला नाही, लागणारही नव्हता. जन्मभर लोकांचे फोन जोडले, आता माझा कुणी जोडू नये, असं म्हणून ती बाई संध्याकाळपर्यंत रिसीव्हर काढून बाजूला ठेवते. मग मास्तरांना लावला.

"काय मास्तर, दाढ कशी आहे?"

"काढली." त्यांच्या तोंडात कापूस होता. "सकाळी सकाळी दाढेची चौकशी?"

"सहज. काल तुम्ही निघालात तेव्हा मी पंखा खोलला होता का हो?"

"नाही. तुम्ही नळ पुसत होतात. का? काही राहिलं का?"

"राहतंय काय? माझ्या कामात कधी काही राहतं?"

"तसं नाही हो. पण वहिनी म्हणत होत्या..."

"काय म्हणत होती ती?"

"काही नाही. रक्त येतंय, नंतर बोलतो." आणि मास्तरांनी फोन ठेवून दिला. दाढ काढलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

खरं तर तेव्हाच उठून जायला हवं होतं. गेलो नाही. हत्यारांची पिशवी उलटी करून बघितली, कालच्या शर्टाचे खिसे बघितले, कुठे दुसरी नवी पिन सापडली तर निदान कळेल की... काय कळणार होतं? दोनच घेतल्या होत्या, सुट्या, हे मला पक्कं आठवत होतं. तरी शोधत होतो. मंडळीतल्या कुणाला फोन करून, जवळ राहता तर धावत जा आणि बाईंना पंख्याखालून उठवा, एवढं सांगायला काय लागत होतं? पण मग दिवस मावळायच्या आत तळघरात बोभाटा झाला असता. कुणी ओरडलं नसतं. सगळे गोड बोलले असते. तुम्ही आता बसून मार्गदर्शन करा असं म्हणाले असते, आणि माझी पिशवी कुणीतरी हळूच कपाटात ठेवली असती. मला पंख्याची भीती वाटत होतीच. पण त्या गोड बोलण्याची जास्त वाटत होती, आणि याची मला लाजही वाटत होती. घड्याळात बघितलं तेव्हा ऑपरेटरबाईंची जेवणाची वेळ होत आली होती. तेव्हा मात्र मी चपला घातल्या.

"कुठे निघालात?" बायको दारात आली.

"ऑपरेटरबाईंकडे. पाना विसरलोय."

"एकटेच?"

"नाही, बँड बोलावलाय."

ती हसली नाही. जिना संपेपर्यंत मला दार लागल्याचा आवाज आला नाही.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं, दुकानांची शटरं खाली ओढलेली, एक कुत्रं बंद बँकेच्या पायरीवर सावलीच्या पट्टीत लांब होऊन पडलेलं. बस येईना, मी चालत निघालो. डोक्यात तो नट होता. काल दुपारपासून पंखा फिरतोय, रात्रभर फिरला असणार, असल्या उकाड्यात कोण बंद करतो? लिफ्टचा नट असता तर मी सांगू शकलो असतो अजून किती दम धरेल. पंख्याचं मला माहीत नव्हतं. मी चालायचा वेग वाढवला, मग छातीत धडधडलं म्हणून कमी केला, मग पुन्हा वाढवला. मधेच एका खिडकीखाली टोमॅटोची रोपं दिसली, काठ्यांना फडक्याच्या चिंध्यांनी बांधलेली, आणि थोरल्या भावाची आठवण झाली. गच्चीवर त्याचे टोमॅटो असायचे. मला झाडांचा नाद त्यानंच लावला. मातीत बोट खुपसून बघ, मग पाणी घाल, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, असं सांगायचा. शेवटच्या वर्षांत त्यालाच ते जमेनासं झालं होतं. पाणी घालून झारी खाली ठेवायचा, हात झटकायचा, वळायचा, आणि झारी दिसली की अरे, पाणी राहिलंच, असं म्हणून पुन्हा भरायला जायचा. टोमॅटो मुळापासून कुजले. बोट तेवढं कायम खुपसायचा, ओल्या मातीतून काढून न बघता विजारीला पुसायचा. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. मी त्या चिंध्यांवरून नजर काढली आणि रस्ता ओलांडला.

ऑपरेटरबाईंच्या इमारतीचा जिना गार होता, पण मला घाम फुटला होता. दाराला कान लावला. आतून पंख्याचा आवाज येत होता, एकसारखा, कुठेही खटखट नाही. घंटी दाबली. पुन्हा दाबली. दार ठोठावलं. काल बोलता बोलता त्यांनी मला सांगितलं होतं, की हेडफोननं एक कान कायमचा गेलाय, आणि झोपताना मी चांगला कान उशीत खुपसते, म्हणजे जगाची लाईन कट. तेव्हा मी हसलो होतो. शेजारच्या दाराला कुलूप. मी पुन्हा ठोठावलं, मोठ्यानं हाक मारली, आणि आपण असे हाका मारत असताना आत वरून काही सुटलं तर तो आवाज मला इथूनच ऐकावा लागणार, हे एकदम कळलं. भर उन्हाळ्यात मला थंडी वाजली. मग मात्र बरीच वर्षं न सुचलेलं काहीतरी सुचलं. मी खाली धावलो. मीटरच्या फळीवर प्रत्येक घराचा मुख्य खटका होता, प्रत्येकावर घराचा आकडा. त्यांचा खटका मी खाली ओढला आणि कठड्याला धरून पुन्हा वर आलो. आत आवाज हळूहळू उतरत गेला, एकदा कुरकुरला, थांबला. शांत झालं. आता उकाडाच त्यांना उठवील, घंटीपेक्षा उकाडा जास्त ऐकू जातो. मी दारासमोरच्या पायरीवर बसलो.

किती वेळ बसलो होतो सांगता येणार नाही. पंखा थांबला म्हणून भीती थांबेल असं वाटलं होतं, पण ती नुसतीच दुसरीकडे जाऊन बसली. एका म्हातारीचा वारा मी तोडला होता. ती तापून बेशुद्ध झाली तर? आणि समजा उठली, दार उघडलं, तर काय सांगायचं? तुमच्या छातीवर काल मी मरण टांगून गेलो, जरा स्टूल देता का? भूक लागली होती की नुसती भीती होती, कळेना. पिन मुठीत होती. तिचं टोक तळहातात रुतत होतं आणि मी रुतू देत होतो. भावाच्या घरी शेवटी शेवटी गेलो होतो ते आठवत राहिलं, मी आठवू नको म्हणत असतानाही. तो घरभर फिरत होता, पलंगाखाली वाकत होता, कपाटं उघडत होता आणि म्हणत होता, या घरात एक वस्तू जिथल्या तिथे सापडेल तर शपथ. भावजय माझ्याकडे बघत नव्हती. तिनं झारी पिठाच्या डब्यामागे लपवली होती. निरोप देताना जिन्यात मला म्हणाली, "काय करू? झाडं तरी जगू देत." मी तेव्हा मान हलवली आणि खाली उतरलो.

आत काहीतरी खुडखुडलं. "गेली वाटतं मेली," असा आवाज आला, मग सपातांची फरफट, मग दार उघडलं. ऑपरेटरबाई पदरानं वारा घेत उभ्या होत्या, केस घामानं कपाळाला चिकटलेले. जिवंत होत्या, आणि चिडलेल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी उठायचंच विसरलो.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. लाईट गेलीय, बघा जरा."

"येईल ती. म्हटलं आलोच आहे तर पंख्यावर एकदा नजर टाकावी."

"परत?"

त्या एकाच शब्दावर मी अडकलो. "परत म्हणजे?"

"या, आत या. उन्हातून आलात, आधी पाणी प्या."

मी पाणी प्यायलो नाही. हिरव्या पायाचं स्टूल पलंगाजवळच होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, मी वर चढलो. खिडकीतून उजेड भरपूर येत होता. खालच्या बोल्टवरची वाटी वर सरकवली. पिन होती. नवी. मग वरची वाटी खाली घेतली. तिथेही होती. मी बोट फिरवून बघितलं. एक पाय वर वळवून बोल्टला घट्ट चिकटवलेला, दुसरा आखूड तोडून खाली दाबलेला. असं दुसरं कुणी करत नाही. फोरमननंही असं शिकवलं नव्हतं, ती माझी स्वतःची पद्धत, कामाखाली केलेली सही म्हणा. काम चोख होतं. मी स्वतः दुसऱ्याचं तपासलं असतं तर शाबास म्हटलं असतं. आणि ते केव्हा केलं याची माझ्याकडे एक खूणही नव्हती.

"दोन आहेत," मी म्हणालो.

"दोनच तर बसवल्यात. पुडीत तीन होत्या. तिसरी खिशात टाकलीत आणि म्हणालात, ही पुढच्या घराची. पुडी ती बघा, खिडकीत राहिली."

खिडकीत खरंच कागदाची पुडी होती.

"माणूस असावा तर असा, मी काल फोनवर बहिणीलासुद्धा सांगितलं," त्या स्टूल धरून वर बघत बोलत होत्या. "काम झालं, उतरलात, हात धुतलेत. आणि म्हणालात, पिन घातली की नाही एकदा बघतो. परत चढलात. बघून उतरलात, खुर्चीत बसलात, मी पाणी दिलं. अर्धा पेला पिऊन पुन्हा म्हणालात, पिन बघायची राहिली. पुन्हा चढलात. मला वाटलं, किती ही काळजी! तिसऱ्यांदा स्टुलाकडे निघालात तेव्हा मीच हात धरला. म्हटलं, झालंय हो, बसा." त्या थांबल्या. त्यांचा चेहरा बदलला, जसा बोलता बोलता पलीकडून कुणी फोन ठेवला की बदलत असेल. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलेली बाई, तिला आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. "आठवत नाही का तुम्हाला?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी वरच होतो. पंख्याचं एक पातं धरलं होतं. पंखा पडणार नव्हता, कितीही वर्षं पडणार नव्हता. पायाखालचं स्टूल मात्र मला भरवशाचं वाटेना. "आठवतं ना," मी म्हणालो. "मी तसा आहेच. संशयी."

"उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवा," त्या म्हणाल्या. मी ठेवला. एरवी ठेवला नसता. दाराशी आल्यावर त्यांनी सांगितलं, "पुढच्या वेळी मास्तरांना आणा बरोबर. सोबत बरी असते." खाली जाऊन मी त्यांचा खटका वर केला. जिन्यात त्यांचा आवाज आला, "आली हो!" त्यांना वाटलं, लाईट आपणहून आली.

येताना बस मिळाली, पण मी दोन थांबे आधीच उतरलो. चालायचं होतं. झारी मशीनमागच्या फटीत होती. वस्तू तिथे पडत नाही, घरंगळत नाही, कुणीतरी वाकून, हात लांब करून ठेवली तरच तिथे जाते. त्याआधी ती एकदा जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सापडली होती, एकदा गाद्यांच्या कपाटात. प्रत्येक वेळी मी बडबडलो होतो, भावाच्याच शब्दांत, आणि शब्द त्याचे आहेत हेही मला कळलं नव्हतं. मिरचीचा चिखल कुणी केला? आमच्या घरात माळी एकच होता. मास्तरांना काय सांगितलं असेल तिनं? किती दिवसांपासून ती गप्प आहे, मी ओरडतोय आणि ती गप्प आहे? मला तिचा राग आला, भयंकर आला, तिनं माझं पितळ माझ्याआधी ओळखलं याचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तो राग उतरला आणि नुसती भीती राहिली, लहान मुलाला वाटते तशी, साधी.

ती बाल्कनीत होती. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेलं पाणी एकेक करून बादलीत ओतत होती. मला बघून दचकली, ताटली पाठीमागे घेतली, आणि मग घेऊन काही उपयोग नाही हे कळून तशीच उभी राहिली. तिच्या हाताला चिखल लागला होता. हे ती रोज करत असणार, मी नसताना.

"मिळाला पाना?" तिनं विचारलं.

मी तिच्यासमोरच्या बुटक्या स्टुलावर बसलो. खिशातून पिन काढून तिच्या ओल्या हातावर ठेवली. तिला त्यातलं काही कळलं नसणार, पण तिनं मूठ मिटली.

"झारी मशीनमागे ठेवू नकोस," मी म्हणालो. "तिथे मी बघतो आता. दुसरीकडे कुठेतरी ठेव."

हातातल्या ताटलीतलं उरलेलं पाणी तिनं बादलीत ओतलं.

"आणि कुठे ठेवलीस ते मला सांगू नकोस."

तिनं खालचा ओठ दाबून धरला. ताटली खाली ठेवली, माझ्या डोक्यावर चिखलाचाच हात ठेवला, आणि कितीतरी वेळ तो तसाच राहू दिला. मग नाक ओढून, नेहमीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "उठा. हातपाय धुवा. ताट वाढते."

"जेवलोय ना मी?" मी विचारलं.

"नाही जेवलात," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "निदान आज तरी थट्टा करू नका हो."

मी थट्टा करत नव्हतो.